एका तपासणीचे देयक

२०२२ च्या पावसाळ्यात माझ्या आतेबहिणीने अमेरिकेहून मला दोन कागदांची छायाचित्रे पाठविली. ती माझ्याहून सहा वर्षांनी वडील. आम्ही सारे तिला ताईच म्हणतो. लग्न होऊन ती तिकडे गेली, त्याला तेव्हा वीसएक वर्षे झाली होती. कागदांबरोबर तिचा निरोप होता: "अरे, तू जन्मभर लोकांची बिले अडविलीस. आता माझे कोणी आणि कशासाठी अडविले आहे, तेवढे वाचून सांग."

पहिला कागद विमा कंपनीचा होता. त्यावर ठळक अक्षरांत 'हे बिल नव्हे' असे छापलेले. आपण बिल नाही, असे ज्या कागदाला आरंभीच सांगावे लागते, तो वाचणाऱ्याच्या मनात धडकी भरविल्यावाचून राहत नाही. दुसरा कागद रुग्णालयाचा. तो मात्र बिलच होता. दोन्ही कागदांवर मधल्या ओळीत काही अक्षरे व आकडे होते: ०६३३टी, त्यापुढे एलटी, आणि त्याच्या शेजारी एन ६३.११. 'कंपनीने दिलेली रक्कम' ह्या रकान्यात शून्य होते. 'रुग्णाने द्यावयाची रक्कम' ह्या रकान्यात जो आकडा होता, तो तिच्या एका महिन्याच्या घरभाड्याहून थोडा अधिक होता.

मी इंग्रजी वाङ्मयाचा एम. ए. आणि पोटासाठी सरकारी अधिकारी. वैद्यकाशी माझा संबंध कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीपुरता. तरीही ह्या तीन सांकेतिक क्रमांकांचा अर्थ लावता लावता जे मला समजले, ते आज आपल्यापुढे मांडावेसे वाटते. कारण ज्यांची मुलगी, सून वा बहीण अमेरिकेत आहे, अशी मराठी घरे इंदूरपासून बंगळूरपर्यंत सर्वत्र आहेत. आणि अमेरिकेतील रुग्णालयांची ही आकडेमोड करणारी मुलेमुली तर आपल्याच शहरांत राहतात.

प्रथम तपासणीविषयी. ताईला डाव्या स्तनात, वरच्या बाजूस काखेकडे, गाठ हाताला लागली होती. डॉक्टरांनी मॅमोग्राफी केली. तिने उलगडा होईना. मॅमोग्राफीत स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबून चपटा करतात आणि क्ष-किरणांनी त्याचे चित्र घेतात. चित्र सपाट असते. म्हणजे आतील सारे थर एकमेकांवर पडून एकाच कागदावर उमटतात. त्यातून काही स्त्रियांच्या स्तनांत ग्रंथींचे ऊतक दाट असते. हे दाट ऊतक चित्रात पांढरे दिसते, आणि गाठही पांढरीच दिसते. चुनखडीच्या भिंतीवर खडूने काढलेली रेघ शोधावी, तसा तो प्रकार. म्हणून डॉक्टरांनी स्तनाचा सी. टी. स्कॅन करावा असे ठरविले.

हा सी. टी. स्कॅन आपल्या परिचयाच्या छातीच्या सी. टी. स्कॅनहून निराळा. त्याचे यंत्रच वेगळे. रुग्णेने एका टेबलावर पालथे निजावयाचे. टेबलाला एक गोल छिद्र असते, त्यातून स्तन खाली मोकळा राहतो. आणि टेबलाखाली क्ष-किरणांची नलिका व चित्र टिपणारा फलक असे दोन्ही त्याच्याभोवती एक पूर्ण फेरी मारतात. ह्यास सुमारे दहा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात शेकडो चित्रे निघतात आणि संगणक ती जुळवून स्तनाची त्रिमिती आकृती उभी करतो. मग डॉक्टर कांद्याच्या चकत्या पाहाव्यात तसे एकेक थर वेगळा करून पाहू शकतात. कशानेही दाबावे लागत नाही. ताईचे म्हणणे असे, की मॅमोग्राफीच्या मानाने हे म्हणजे केवळ ओणवे पडून श्वास रोखणे. फासळ्या आणि फुप्फुसे किरणांच्या वाटेत येत नाहीत हाही एक लाभ.

कल्पना नवी आहे असे नव्हे. हौन्सफील्ड ह्या इंग्रज अभियंत्याच्या यंत्राने एका रुग्णाच्या मेंदूचे पहिले सी. टी. चित्र १९७१ च्या ऑक्टोबरात घेतले. त्याबद्दल त्याला आणि कॉर्मॅक ह्यांना १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच दशकात जनरल इलेक्ट्रिक कंपनीने केवळ स्तनासाठी असे एक यंत्र बनविले आणि मेयो क्लिनिक व कॅन्सस विद्यापीठ येथे ते वापरूनही पाहिले. चित्रे पुरेशी बारीक येईनात, किरणांची मात्रा आणि खर्च परवडेना; यंत्र मागे पडले. पुढे कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे जॉन बून आणि न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे रुओला निंग ह्यांनी तो धागा पुन्हा उचलला, तेव्हा चित्र टिपणारे फलक आणि संगणक दोन्ही पुष्कळ सुधारले होते. कोनिंग कंपनीच्या यंत्राला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ च्या जानेवारीत मंजुरी दिली. ती देताना प्रशासनाने एक शब्द जपून वापरला: निदानासाठी. काही लक्षण वा शंका उद्भवलेल्या स्त्रीची तपासणी म्हणजे निदान. निरोगी स्त्रियांची वर्षादोन वर्षांनी करावयाची ती चाळणी. चाळणीसाठी ही मंजुरी नव्हती. हा भेद लक्षात ठेवावा. पुढे पैशाचा सारा प्रश्न त्याच्यावरच येऊन ठेपतो.

प्रशासनाची मंजुरी म्हणजे यंत्र विकण्याची मुभा. त्या यंत्रावर केलेल्या तपासणीचे पैसे कोणी द्यावे, हे त्या मंजुरीने ठरत नाही. ते ठरण्यास तपासणीला प्रथम क्रमांक असावा लागतो.

हे क्रमांक कोठून येतात? अमेरिकन मेडिकल असोसिएशन ही तेथील डॉक्टरांची संघटना. तिने १९६६ साली डॉक्टरांच्या कामांची एक सूची छापली. तीत मुख्यतः शस्त्रक्रिया होत्या आणि प्रत्येकीस चार अंकी क्रमांक होता. १९७० च्या आवृत्तीत अंक पाच झाले. १९८३ साली वृद्धांच्या सरकारी विमायोजनेने, म्हणजे मेडिकेअरने, ही सूची स्वीकारली. आणि २००० सालच्या केंद्रीय नियमाने ती साऱ्या देशाची प्रमाण सूची झाली. सूचीचा स्वामित्वहक्क मात्र आजही त्या संघटनेकडेच आहे. ज्या भाषेत सरकार आपली देणी मोजते, ती भाषा एका खाजगी संघटनेच्या मालकीची असावी, हे माझ्यासारख्या शासकीय मुद्रणालयाच्या पुस्तकांवर वाढलेल्या माणसाला जरा चमत्कारिक वाटते. असो.

२०१५ मध्ये यंत्राला मंजुरी मिळाली तेव्हा ह्या सूचीत स्तनाच्या सी. टी. स्कॅनचे नावच नव्हते. मग बिल कसे लिहावयाचे? त्यासाठी ७६४९७ हा क्रमांक होता. त्याचा अर्थ 'सूचीत अन्यत्र न आलेली सी. टी. तपासणी'. आपल्या कचेऱ्यांतून ज्याला 'संकीर्ण' म्हणतात, तेच हे खाते. संकीर्ण खात्यात खर्च टाकला, की प्रत्येक वेळी तो कशाचा ह्याचे निवेदन जोडावे लागते; येथेही तसेच. यंत्राने पडताळून पुढे सरकविता येईल असा तो दावा नसतो. कोणीतरी माणसाने तो वाचावा लागतो, आणि वाचावा लागणारा कागद मागे राहतो हा नियम साऱ्या जगात एकच आहे.

१ जानेवारी २०२१ पासून ही स्थिती पालटली. स्तनाच्या सी. टी. स्कॅनला सहा क्रमांक मिळाले: ०६३३टी पासून ०६३८टी पर्यंत. सहाच का, ते सोपे आहे. तपासणी एका स्तनाची किंवा दोन्ही स्तनांची. आणि ती शिरेतून आयोडिनयुक्त कॉन्ट्रास्ट द्रव्य न देता, ते देऊन, किंवा आधी न देता आणि मग देऊन. दोन गुणिले तीन. पहिले तीन क्रमांक एका बाजूसाठी, पुढचे तीन दोन्ही बाजूंसाठी. संगणकाने त्रिमिती आकृती काढण्याचे काम त्याच क्रमांकात धरलेले आहे. त्याचे वेगळे बिल लावता येत नाही. एका बाजूचा क्रमांक असला, की कोणती बाजू हे सांगण्यास एलटी म्हणजे डावी, आरटी म्हणजे उजवी, अशी जोडअक्षरे लावावयाची. यंत्र रुग्णालयाचे आणि चित्र वाचणारा डॉक्टर स्वतंत्र असेल, तर एकाच तपासणीची दोन बिले निघतात. डॉक्टरच्या बिलावर २६ आणि यंत्राच्या बिलावर टीसी अशी खूण असते. आपल्याला एका तपासणीची दोनदा बिले आली, अशी तक्रार तिकडे नवख्या माणसांकडून नेहमी ऐकू येते. तिचे मूळ बहुधा येथे असते.

आता ह्या क्रमांकांच्या शेवटी असलेल्या टी ह्या अक्षराकडे वळतो, कारण ताईच्या शून्याचे निम्मे रहस्य त्यात होते. नियमित क्रमांक पाच अंकांचे असतात. ज्या तपासणीचा वापर देशभर रूढ झाला आहे आणि जिच्या उपयोगाचा पुरावा वैद्यकीय नियतकालिकांतून प्रसिद्ध झाला आहे, तिलाच तसा क्रमांक मिळतो. नव्याने उदयास येणाऱ्या तपासण्यांना चार अंक आणि टी असा तात्पुरता क्रमांक देतात. तो देण्याचा हेतू गणना व्हावी हा: किती ठिकाणी, किती वेळा, कोणत्या रुग्णांवर ही तपासणी होते ते कळावे. पाच वर्षांत कायमची जागा मिळाली नाही, अथवा मुदत वाढवून घेतली नाही, तर तो क्रमांक सूचीतून जातो. आणि मुख्य गोष्ट अशी, की नियमित क्रमांकांना मेडिकेअरच्या दरपत्रकात डॉक्टरचे श्रम, जागा, यंत्र वगैरे मिळून जे मूल्य ठरविलेले असते, ते ह्या तात्पुरत्या क्रमांकांना ठरविलेले नसते. पैसे द्यावे की नाही, आणि द्यावे तर किती, हे ज्याच्या त्याच्या विचारावर सोडलेले असते.

सरकारी अर्थसंकल्प ज्यांनी चाळला असेल, त्यांना ही गोष्ट मी एका वाक्यात सांगू शकतो. नव्या योजनेसाठी लेखाशीर्ष उघडतात आणि त्याखाली एक हजार रुपयांची लाक्षणिक तरतूद करतात. खाते निघाले, नाव पडले, क्रमांक मिळाला. पण त्या हजार रुपयांत पूल बांधला जात नाही. पूल हवा असलेल्या गावाला मात्र वाटते, की अर्थसंकल्पात आपले नाव आले.

आता तिसरा आकडा. पहिला क्रमांक काय केले ते सांगतो. तिसरा का केले ते सांगतो. हे रोगांचे क्रमांक होत, आणि त्यांचा वंश अधिक जुना आहे. पॅरिस शहराच्या सांख्यिकी खात्याचे प्रमुख जाक बर्तियों ह्यांनी १८९३ साली मृत्यूच्या कारणांची एक यादी आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेपुढे ठेवली. माणसे कशाने मरतात हे निरनिराळ्या देशांना एकाच भाषेत सांगता यावे, एवढाच तिचा उद्देश. १९४८ साली ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि तिच्यात मृत्यूंबरोबर आजारही आले. अमेरिकेने तिची आपल्यापुरती वाढविलेली दहावी आवृत्ती १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू केली. तीत सुमारे सत्तर हजार क्रमांक आहेत. मेलेल्यांची मोजदाद करण्यासाठी जन्मलेली यादी अशा रीतीने जिवंत माणसांचे बिल मंजूर करण्याच्या कामी आली.

सत्तर हजार ऐकून हसू येईल. पण त्या बारकाव्यांना अर्थ आहे. स्तनातील गाठीचा क्रमांक एन ६३. पुढचा अंक बाजू सांगतो आणि त्यापुढचा अंक स्तनाचा कोणता चतुर्थांश ते सांगतो. एन ६३.११ म्हणजे उजव्या स्तनातील, वरच्या बाहेरील भागातील गाठ. एन ६३.२१ म्हणजे तीच गाठ डाव्या स्तनात. ताईच्या कागदावर मधल्या खुणेत एलटी, म्हणजे तपासणी डाव्या बाजूची. आणि शेजारी एन ६३.११, म्हणजे गाठ उजव्या बाजूस! गाठ एका बाजूस आणि तपासणी दुसऱ्याच बाजूची, असा दावा कोणता हिशेबनीस मंजूर करील?

माझ्या वाचनावर माझा स्वतःचाच विश्वास बसेना. म्हणून पुण्याच्या आमच्या घराशेजारी राहणाऱ्या एका मुलीला मी तो कागद दाखविला. ही मुलगी वनस्पतिशास्त्राची पदवीधर. पदवीनंतर तिने ह्या क्रमांकांची परीक्षा दिली आणि आता ती एका कंपनीत अमेरिकेतील रुग्णालयांचे अहवाल वाचून त्यांवर क्रमांक घालते. चेन्नई, हैदराबाद, पुणे, नोएडा येथे हजारो तरुण हेच काम करतात. कामाच्या खोलीत फोन नेता येत नाही, कागदपेन्सिल नेता येत नाही. समोर पडद्यावर कोणा परक्या बाईच्या शरीराचा अहवाल येतो. तो वाचावयाचा, क्रमांक निवडावयाचे आणि पुढचा अहवाल घ्यावयाचा. शंभरांत पंच्याण्णव अचूक यावेत, अशी तिच्या कचेरीची अपेक्षा. "काका," ती म्हणाली, "उरलेल्या पाचांत ही एक असेल."

तिने मला आणखी एक नियम सांगितला. तो मला फार आवडला. रुग्णालयात दाखल न झालेल्या रुग्णाच्या अहवालात डॉक्टरांनी 'कर्करोग असावा', 'शंका आहे', 'नाही ना ते पाहावे' असे काहीही लिहिले असले, तरी क्रमांक घालणाऱ्याने कर्करोगाचा क्रमांक घालावयाचा नाही. जे हाताला लागले तेवढेच लिहावयाचे: गाठ. कर्करोगाचा क्रमांक सी ५०. तो निदान निश्चित झाल्यावरच. कारण एकदा पडलेला क्रमांक त्या स्त्रीच्या कागदपत्रांतून तिच्यामागे फिरत राहतो. आपल्याकडे शेजारणी एवढा संयम पाळतील तर किती बरे होईल!

ताईने रुग्णालयाला कळविले. त्यांनी चूक मान्य करून दुरुस्त दावा पाठविला. मला वाटले, काम झाले. सहा आठवड्यांनी तिचा पुन्हा निरोप आला. ह्या वेळी रकान्यात शून्यच होते, पण शेरा निराळा होता: तपासणी प्रायोगिक स्वरूपाची असल्याने विम्यात बसत नाही.

म्हणजे पहिली अडचण कारकुनी होती. ती एका अंकाने सुटली. दुसरी अडचण त्या टी ह्या अक्षराची होती, आणि ती कारकुनी नव्हती. विमा कंपनी म्हणते, पुरावा पुरेसा झाला म्हणजे पैसे देऊ. पैसे मिळत नाहीत म्हणून रुग्णालये यंत्र घेण्यास कचरतात. यंत्रे थोडी म्हणून तपासण्या थोड्या. तपासण्या थोड्या म्हणून पुरावा सावकाश गोळा होतो. ह्या फेऱ्यात कंपनी केवळ लोभी आहे असे म्हणणे मला सोपे, पण अपुरे वाटते. १९७० च्या दशकातील यंत्रही मोठ्या आशेने आले होते, आणि त्याचे पैसे जर आंधळेपणाने देत गेले असते, तर ते सर्वांच्याच हप्त्यांतून गेले असते. नव्या वस्तूला 'थांब, आधी सिद्ध हो' असे कोणीतरी म्हणावयास हवे. परंतु तसे म्हणत असताना मधल्या पाच वर्षांचा खर्च कोणी सोसावयाचा? तो गाठ हाताला लागलेल्या स्त्रीने सोसावा, असे त्या पद्धतीने न बोलता ठरवून टाकले आहे, आणि माझा आक्षेप आहे तो ह्या न बोलण्याला.

ताईने मला विचारले, "छातीच्या सी. टी. स्कॅनचे पैसे तर कंपनी देते. मग रुग्णालयाने तोच क्रमांक का नाही लिहिला?" छातीच्या साध्या सी. टी. स्कॅनचा नियमित क्रमांक आहे ७१२५०. त्याला मूल्य आहे, दर आहे. मी तिला सांगितले, की तो लिहिणे म्हणजे न केलेल्या तपासणीचे पैसे मागणे. सरकारी योजनेकडे जाणून-बुजून असा दावा केला, तर त्यावर अमेरिकेत १८६३ सालचा कायदा लागतो. यादवी युद्धात सैन्याला निकृष्ट माल पुरवून पैसे उकळणाऱ्या कंत्राटदारांसाठी लिंकनच्या काळात तो झाला. खाजगी विम्यासाठी कायदे वेगळे, पण खोटे ते खोटेच.

हे मी तिला मोठ्या तोऱ्यात सांगितले खरे. आणि फोन ठेवल्यावर मला एक जुनी गोष्ट आठवली. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका कचेरीत प्रतिपूर्तीची देयके तपासत असे. एका निवृत्त शिपायाच्या पत्नीच्या स्तनाच्या तपासणीचे देयक माझ्यापुढे आले. डॉक्टरांनी तपासणीचे जे नाव लिहिले होते, ते आमच्या दरपत्रकात नव्हते. त्याच्या जवळपासचे एक नाव होते. मी 'दरपत्रकात नाही. परत' असा शेरा मारला. ते पुन्हा आले, मी पुन्हा परत केले. तिसऱ्या खेपेस तो गृहस्थ स्वतः आला, टेबलापासून दोन हात दूर उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, कोणते नाव लिहून आणू तेवढे सांगा. डॉक्टरसाहेबांकडून तसे लिहून आणतो." त्याला लबाडी करावयाची नव्हती. माझ्या यादीत त्याच्या बायकोच्या दुखण्याला जागा नव्हती, आणि ती कोठे आहे एवढेच तो विचारत होता. वरिष्ठांना टिपणी लिहून ते नाव यादीत घालण्याविषयी सुचविणे माझ्या हाती होते. मी ते केले नाही. महिन्याभरात माझी बदली झाली. त्या देयकाचे पुढे काय झाले, हे मी कधी विचारले नाही.

आता मघाच्या भेदाकडे येतो. ताईला सर्वांत अधिक आश्चर्य वाटले ते असे, की दरवर्षीची तिची मॅमोग्राफी फुकट होत असे. मग ह्याच वेळी पैसे का? २०१० च्या आरोग्यविषयक कायद्यानंतर तेथील बहुतेक खाजगी विम्यांना चाळिशीपुढील स्त्रियांच्या चाळणी मॅमोग्राफीचे पूर्ण पैसे द्यावे लागतात. स्त्रीकडून काही घेता येत नाही. पण हे केवळ चाळणीला लागू होते. तिचा कारण-क्रमांक झेड १२.३१. तीच स्त्री, तेच यंत्र, तोच तंत्रज्ञ. परंतु कारणाच्या जागी एन ६३ आले, की ती चाळणी राहत नाही, निदान होते. मग डिडक्टिबल नावाची रक्कम आड येते, म्हणजे वर्षातील पहिला अमुक इतका खर्च विमेदाराने स्वतः सोसावयाचा, आणि तो ओलांडल्यावर विमा सुरू व्हावयाचा. काही हाती लागले नाही तर फुकट, आणि काही लागले तर पैसे, असा हा उलटा न्याय.

तो तेथील सरकारच्याही लक्षात आला आहे. स्त्रियांच्या प्रतिबंधक तपासण्यांविषयीचे केंद्रीय मार्गदर्शन २०२४ च्या डिसेंबरात सुधारण्यात आले. त्यानुसार २०२६ मध्ये सुरू होणाऱ्या विमावर्षांपासून चाळणीत काही आढळून ती पुरी करण्यासाठी आणखी चित्रे घ्यावी लागली, तर तीही स्त्रीच्या खर्चाविना व्हावयाची. उदाहरणादाखल तेथे एम. आर. आय., सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी ही नावे दिली आहेत, स्तनाच्या सी. टी. स्कॅनचे नाव नाही. 'उदाहरणार्थ' ह्या एका शब्दापायी किती नस्त्या जाड होतात, ते मला विचारा. शिवाय ताईसारखी गाठ चाळणीत न सापडता स्वतःच्याच हाताला लागली, तर ही सवलत मुळी त्या प्रसंगासाठी नाही.

ताईच्या बाबतीत पुढे झाले ते असे. नकाराविरुद्ध दाद मागण्यास तिला एकशे ऐंशी दिवसांची मुदत होती. मॅमोग्राफीने उलगडा का झाला नाही, हे सांगणारे पत्र डॉक्टरांनी दिले. ते जोडून तिने कंपनीकडे अपील केले. ते फेटाळले गेले. त्यानंतर बाहेरच्या स्वतंत्र परीक्षकाकडे जाण्याचा मार्ग होता, पण तोवर ती थकली होती. रुग्णालयाने हप्ते बांधून दिले. दहा महिन्यांत तिने ते फेडले. गाठ पाण्याची निघाली. सुईने पाणी काढले, आणि विषय संपला, असे आम्हाला वाटले.

तो संपला नव्हता. पुढच्या वर्षीची चाळणी मॅमोग्राफी, जी पूर्ण फुकट होती, ती तिने आठ महिने लांबणीवर टाकली. मी रागावलो, तेव्हा म्हणाली, "ही फुकट आहे रे. पण हिच्यात काही निघाले, तर पुढची फुकट नाही." माझ्याकडे ह्याला उत्तर नव्हते. पुण्याच्या त्या मुलीकडे मात्र होते. तिने सांगितले, की कोणतीही नवी तपासणी ठरली, की जाण्यापूर्वी डॉक्टरांच्या कचेरीला दोन क्रमांक विचारावे: काय करणार त्याचा आणि कशासाठी करणार त्याचा. ते दोन्ही विमा कंपनीला फोनवर वाचून दाखवावे आणि पूर्वमंजुरी लागते का ते विचारावे. जो उत्तर देईल त्याचे नाव, तारीख आणि वेळ लिहून ठेवावी. वृद्ध आईवडील मेडिकेअरवर असतील, तर ज्या तपासणीचे पैसे नाकारले जातील असे वाटते, तिच्यासाठी आधीच लेखी सूचना देऊन सही घेण्याची तेथे पद्धत आहे. तो कागद न वाचता सही करू नये.

मागच्या खेपेस ताई तपासणीला गेली, तेव्हा जाण्याच्या आदल्या दिवशी तिने मला एका वहीच्या पानाचे छायाचित्र पाठविले. वर तारीख, खाली दोन क्रमांक, त्यांच्यापुढे विमा कंपनीतील एका बाईचे नाव आणि फोनची वेळ. समासात लाल पेन्सिलने 'डावी की उजवी, पुन्हा पाहणे'. आणि खाली लिहिले होते: "नस्ती तयार आहे, साहेब. हरकत असल्यास आजच कळवावी."